उघड्या दारातली जबानी

“अर्ज आजच टाकून देतो,” सरकारी वकील म्हणाले, आमचे पीपीसाहेब. “बाईची जबानी इन कॅमेरा. जज्जसाहेब नाही म्हणायचे नाहीत.”

वच्छला माझ्याकडं वळली. “म्हंजे काय, वकीलबाई?”

“म्हणजे दार लावून. आत फक्त जज्ज, वकील, आरोपी आणि तू. बाकी सगळ्यांना बाहेर काढतात.”

“कावून?”

पीपीसाहेबांनी चष्मा काढला आणि रुमालानं पुसत बसले. असल्या केसेस त्यांनी पुष्कळ चालवल्या होत्या, पण हा प्रश्न त्यांना आजवर कोणी विचारलेला नसावा. “कावून काय, बाई? तुमच्या अब्रूसाठी.”

“ते तं गावानं कवाचीच वाटून खाल्ली, साहेब. दार उघडंच राहू द्या.”

पीपीसाहेबांनी माझ्याकडं पाहिलं. तुमच्या पक्षकाराला समजवा, असा त्याचा अर्थ. मी काय समजावणार, कपाळ? आपली गोष्ट चारचौघांत सांगायला मागणारी बाई मीही पहिल्यांदाच बघत होते.

ही अमरावतीच्या सेशन्स कोर्टातली गोष्ट. महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. मी अकोल्याची. अकोल्याच्या बारमध्ये मी एकटी बाई होते आणि अमरावतीला कामासाठी आले की तिथंही एकटीच. बाररूममध्ये मी पाय ठेवला की बोलणं थांबायचं, आणि बाहेर पडले की हसणं सुरू व्हायचं. काळा कोट तोच, सनद तीच, पण बसायला खुर्ची कोणी सरकवत नसे. बायकांसाठी साधी मोरीसुद्धा नव्हती. म्हणून कोर्टाच्या दिवशी मी सकाळपासून पाणी प्यायचे नाही. वऱ्हाडातल्या उन्हाळ्यात पाणी न पिता दिवस कसा काढायचा, ते त्या खुर्च्यांवर बसणाऱ्यांना कोणी विचारावं. माझा डबा मी कोर्टामागच्या निंबाखाली खायचे. तक्रार कोणाकडं करणार? करायला तरी कोणी दुसरं असावं लागतं.

वच्छलाचे वडील अकोल्याला रेल्वेत गँगमन होते. रूळ दुरुस्त करणारी माणसं असतात ना, ते. एके सकाळी ते माझ्या दारात आले. टोपी हातात. बसा म्हटलं तरी बसेनात.

“बाई, सरकारी वकील हाय, पन तो सरकारचा. पोट्टीच्या बाजूनं कोनी पायजे,” ते म्हणाले.

त्यांचं म्हणणं अगदी बरोबर होतं. लोकांना वाटतं, फौजदारी खटला हा फिर्यादी आणि आरोपी यांच्यातला असतो. तसं नसतं. तो सरकार विरुद्ध आरोपी असा असतो. जिच्यावर अत्याचार झाला, ती तिच्याच केसमध्ये नुसती एक साक्षीदार. तिचा वकील असू शकतो, पण त्यानं सरकारी वकिलाच्या, म्हणजे पीपीच्या, मागं बसायचं आणि त्याच्या कानाशी लागायचं. तोंड उघडायचं नाही. मला हे काम जमण्यासारखं नव्हतं, कारण माझं तोंड माझ्या ताब्यात कधीच नसतं. तरी मी हो म्हटलं. का म्हटलं ते सांगते. ते गेल्यावर घरात जी शांतता झाली, ती मला सहन झाली नाही.

वच्छला ग्रामसेविका होती. तेव्हा नवीन ब्लॉक ऑफिसं निघाली होती. शिकलेल्या मुलींना ट्रेनिंग देऊन खेड्यांत पाठवायचे. बिनधुराच्या चुली, बालवाडी, बाळंतिणीची काळजी, असली कामं. मुलगी एकटी, गाव परकं. तिला अंजनगाव सुर्जीच्या बाजूला एका गावात नेमलं. राहायला खोली सरपंचानं दिली, आपल्याच गल्लीत, आपल्याच घराला लागून. बाईमाणसाला तिथं कसली भीती नाही म्हणून. त्याच सरपंचाचा धाकटा भाऊ म्हणजे आमचा आरोपी. ऐन दिवेलागणीला तो तिच्या खोलीत शिरला.

त्याचं नाव मी इथं घेत नाही. कोर्टात पुष्कळ घेतलं. वच्छलाचं मात्र घेते. ते लपवलेलं तिला चाललं नसतं.

तिनं दुसऱ्या दिवशी अंजनगावला जाऊन रिपोर्ट दिला, एकटीनं. ऑफिसनं सहानुभूती म्हणून तिची बदली तिवशाला करून टाकली. बदलीची ऑर्डर हातात असतानाही ती केस संपेपर्यंत गाव सोडायला तयार नव्हती. गावात तिच्याशी कोणी बोलत नव्हतं. बालवाडीत पोरं येईनाशी झाली. दुकानदार सामान द्यायचा, पण ओट्यावर ठेवून आत निघून जायचा. ती रोज बालवाडी उघडून, झाडून, रिकाम्या सतरंजीवर बसायची आणि वेळ झाली की कुलूप लावायची. हे तिनं मला सांगितलं तेव्हा मी तिच्याकडं पाहू शकले नाही. रिकाम्या जागी नेमानं जाऊन बसणं म्हणजे काय, ते मला ठाऊक होतं.

तर असा हा अर्ज. वडिलांचंही म्हणणं दार लावा हेच.

“म्या लय समजावलं,” ते मला म्हणाले. “तं मलेच इचारते, बाबा, आपन दीक्षा घेतली ते मैदानात घेतली का दार लावून? आता याच्यावर मी काय बोलू?”

“तुम्ही येणार ना कोर्टात?”

“तिनंच नोका येऊ म्हनलं.” त्यांनी टोपी चाचपली. “तुमच्यापुढं मले बोलता येनार नाई बाबा, म्हने. बाकी साऱ्या दुनियेपुढं येते.”

जबानीच्या दिवशी कोर्ट गच्च भरलं होतं. आरोपीच्या गावाहून एक अख्खा ट्रक आला होता. पांढऱ्या टोप्या, तंबाखूच्या डब्या, एकमेकांना कोपरखळ्या. गावची बाई काय सांगते ते ऐकायला आलेले. तमाशाला पुढची जागा धरावी तशी धरली होती त्यांनी बाकं. बाररूममधले दोन-तीन वकीलही भिंतीशी येऊन उभे राहिले. एरवी मला कधी नमस्कार न करणाऱ्या एकानं त्या दिवशी केला. अख्ख्या खोलीत बायका दोनच होत्या. एक ती आणि एक मी.

पीपीसाहेबांनी अर्ज पुढं केला. जज्जसाहेब वयस्क होते, मान खाली घालून लिहायची सवय. त्यांनी अर्ज वाचला आणि सही करायला पेन उचललं. तेवढ्यात वच्छला उभी राहिली.

“साहेब, मले बोलू द्या.”

“बाई, हे तुमच्याच भल्यासाठी आहे. लोकांना बाहेर काढतो, मग तुम्ही मोकळेपणानं सांगा.”

“त्या दिशी मी बोंबलली, साहेब. तवा साऱ्या गल्लीनं दारं लावली. आता कोर्टानंबी लावाव काय?”

जज्जसाहेबांनी पेन खाली ठेवलं आणि तिच्याकडं पाहिलं. मग एवढंच म्हणाले, “अर्ज नामंजूर. दार उघडं राहू द्या.”

मला तेव्हा कुठं उमगलं. गाव गोळा व्हावं, हेच तिला हवं होतं. त्या संध्याकाळी जे ऐकून न ऐकल्यासारखं केलं, ते त्यांनी तिच्या समोर बसून ऐकावं. शिक्षा काय, कायदा देईल ती देईल. पण ऐकणं त्यांच्याकडून पाहिजे होतं. आणि ते मिळेल असं मला मुळीच वाटत नव्हतं.

चीफ सुरू झाली. चीफ म्हणजे आपल्याच बाजूच्या वकिलानं साक्षीदाराला विचारायचं. पीपीसाहेब हळूहळू विचारत होते, ती सरळ सांगत होती. काय सांगितलं ते मी लिहिणार नाही. ते तिनं एकदा सांगितलं, तेवढं पुरे. सुरुवातीला मागून खुसखुस ऐकू आली. एक जण तर तोंडावर उपरणं धरून हसला. ती थांबली, तो हसून होईपर्यंत वाट पाहिली आणि पुढं बोलू लागली. तिचे हात कठड्यावर होते.

“तुम्ही ओरडलात?” पीपीसाहेबांनी विचारलं.

“हो.”

“कोणी ऐकलं?”

“साऱ्यायनं.”

जज्जसाहेबांनी मान वर केली. “सगळे म्हणजे कोण? नावं सांगता येतील?”

“येतात ना, साहेब. सारे इथंच बसेल हायेत.”

ती बाकांकडं वळली. आवाज चढवला नाही. बालवाडीत हजेरी घ्यावी तशी एकेक नाव घ्यायला लागली. “हे नामदेवराव. यायच्या घरी तवा कंदील लावनं चालू होतं. मी दारातून पायलं. मी बोंबलली तं कंदील आत गेला आन् दार लागलं. हे मागं बसेल हायेत ते, त्यायची बैलगाडी रस्त्यात उभी होती. त्यायनं बैल तिथंच सोडले आन् आत गेले. हे किसनभाऊ. यायची बायको दाराशी आली होती. यायनं तिले हाताले धरून आत ओढलं.”

पीपीसाहेब नावं टिपून घेत होते. म्हणाले, “साहेब, ही माणसं महत्त्वाची साक्षीदार दिसतात. यांना समन्स काढायची परवानगी असावी.”

आणि मग जे झालं ते माझ्या सगळ्या वकिलीत मी पुन्हा कधी पाहिलं नाही. नामदेवराव उठले. पान थुंकायला जातो असा हात केला आणि गेले. किसनभाऊंच्या पोटात दुखायला लागलं. ज्यांची नावं अजून यायची होती, ते तर आधीच उठले. माना खाली घालून, एकमेकांकडं न बघता, एकेक जण बाहेर. लाजेनं गेले असं म्हटलं असतं तर मलाही बरं वाटलं असतं. पण गेले ते समन्सच्या भीतीनं. वऱ्हाडातला माणूस वाघाला भिणार नाही, पण साक्षीला भितो. कोर्टाची पायरी चढणारा शहाणा नव्हे, हे त्याला पाळण्यातच शिकवतात. भिंतीशी उभे असलेले वकील चहाच्या नावानं गेले. आरोपीचा भाऊ, तो सरपंच, सगळ्यांत शेवटी उठला. त्यालाही कसलं तरी तातडीचं काम निघालं.

बाकं रिकामी झाली. दार सताड उघडं, पंखा वर फिरतोय, आणि आत आम्ही कामापुरती माणसं. वच्छला कठड्याशी उभी होती आणि त्या रिकाम्या बाकांकडं बघत होती. दार लावलं असतं तरी खोली अशीच दिसली असती.

“पुढं सांगा,” जज्जसाहेब म्हणाले.

“कोनाले सांगू, साहेब?”

“मला सांगा. मी लिहून घेतोय.”

तिनं मान हलवली आणि राहिलेली नावं घेत पुढचं सांगू लागली. पण आवाजातला जोर गेला होता. मला भडभडून आलं. अठरा विश्वे दारिद्र्य परवडतं, पण ऐकायला कोणी नसणं परवडत नाही. मी मान फिरवली, डोळे कोणाला दिसू नयेत म्हणून. तेव्हा मला दारात ती म्हातारी दिसली.

तिला मी सकाळी पाहिलं होतं. अन्साबाई, आरोपीची आई. आरोपी जामिनावर होता आणि ती त्याच्या जेवणाची शिदोरी घेऊन आली होती. ती नुसती आई नव्हती, डिफेन्सची मुख्य साक्षीदार होती. आरोपीचं म्हणणं असं, की त्या संध्याकाळी आई तापानं फणफणली होती आणि तो तिच्या उशाशी बसून होता. याला आमच्याकडं अलिबाय म्हणतात. गुन्हा झाला त्या वेळी मी तिथं नव्हतोच, दुसरीकडं होतो, हा बचाव. आईनं येऊन तसं सांगितलं की त्याचं बरंचसं काम झालं. आणि आई तसंच सांगणार, यात कोणाला शंका नव्हती. आईच ती.

आता एक नियम सांगते. ज्याची साक्ष अजून व्हायची आहे, त्यानं कोर्टात बसायचं नाही. दुसऱ्याची साक्ष त्याच्या कानावर पडली, तर तो आपली साक्ष तिला बेतून सांगू शकतो. म्हणून डिफेन्सच्या वकिलांनी, बापूसाहेबांनी, अन्साबाईला लांब निंबाखाली बसवलं होतं. सगळं गाव माना खाली घालून बाहेर येताना तिनं पाहिलं असणार. काय झालं म्हणून विचारलं असणार. सांगणार कोण? मग ती स्वतःच आली. आधी पायरीवर, मग व्हरांड्यात, आणि आता उंबऱ्याशी. शिदोरी मांडीवर, पदर डोक्यावर, आणि कान आत.

पीपीसाहेबांनीही तिला पाहिलं. “अहो, ती डिफेन्सची साक्षीदार आहे,” ते माझ्या कानात म्हणाले. “सगळं ऐकतेय. ऑब्जेक्शन घेतो.”

ते अर्धे उठले होते. मी त्यांचा गाऊन मागून धरला.

“बसा, साहेब.”

“वेड लागलं की काय? उद्या पाठ करून येईल ती.”

“येऊ द्या.”

“बाई, केस घालवाल.”

“कोणीतरी ऐकतंय, साहेब. तेवढं राहू द्या.”

कायद्यानं त्यांचं बरोबर होतं. माझ्यामुळं केस हरू शकली असती. पण वच्छलानं दार ज्याच्यासाठी उघडं ठेवायला लावलं, ते ऐकणारं एकच माणूस तिच्या वाट्याला आलं होतं, आणि तेही मी हाकलून द्यायचं? मला ते जमलं नाही. पीपीसाहेब पुटपुटत बसले. बापूसाहेबांची दाराकडं पाठ होती. जज्जसाहेब खाली मान घालून लिहीत होते. म्हातारीनं शेवटपर्यंत ऐकलं.

मग क्रॉस. म्हणजे उलटतपास, समोरच्या वकिलाचे प्रश्न. बापूसाहेब नावाजलेले होते आणि त्यांचा आवाज खणखणीत.

“बाई, गल्लीत दोन्ही बाजूंना घरं आहेत. तुम्ही खरोखर ओरडला असता, तर कोणीतरी धावून आलं नसतं?”

“तेच तं सांगून राहिली, साहेब.”

“इतकी सज्जन गावकरी मंडळी,” बापूसाहेब हात पसरून बाकांकडं वळले, आणि हात तसाच राहिला. मंडळी कुठाय? बाकं रिकामी, आणि उंबऱ्यात त्यांचीच साक्षीदार. मला हसू यायला नको होतं, पण आलं.

“ही बाई इथं काय करतेय?” त्यांनी विचारलं.

“कोण आहे ती?” जज्जसाहेबांनी वर पाहिलं.

“माझी साक्षीदार आहे, साहेब.”

“तुमची आहे, तर तुम्हीच सांभाळायची,” जज्जसाहेब म्हणाले आणि तशी नोंद घेतली. पट्टेवाल्यानं अन्साबाईला उठवलं. ती शिदोरी घेऊन उठली आणि जाताना एकदा वच्छलाकडं पाहून गेली. त्या पाहण्यात राग होता की आणखी काही, मला सांगता येणार नाही.

पुढच्या तारखांना आम्ही नामदेवरावांना आणि किसनभाऊंना समन्स काढून आणलं. दोघेही होस्टाईल झाले. होस्टाईल म्हणजे आपला म्हणून आणलेला साक्षीदार समोरच्याच्या बाजूनं बोलायला लागणं. एक शेतात होता. दुसराही शेतात होता. त्यांच्यावर विश्वास ठेवला तर त्या दिवेलागणीला अख्खं गाव शेतात होतं आणि घरांची दारं आपोआप लागत होती. पीपीसाहेब मला म्हणाले, “आता सगळं म्हातारीवर. आणि तिला तुम्ही तयार करून ठेवलीय.” त्या रात्री अकोल्याच्या गाडीत मला एक घास गेला नाही. मी एका मुलीच्या आयुष्याशी जुगार खेळले होते आणि सल्ला विचारावा असं माझं एकही माणूस नव्हतं. घरी जाऊन भिंतीशीच बोलायचं.

डिफेन्सच्या साक्षीचा दिवस आला. वच्छला माझ्यामागं भिंतीशी बसली होती. तिची साक्ष झालेली, आता तिला आत बसता येत होतं. आरोपी पिंजऱ्यात, नवीन सदरा घालून. गावातून त्या दिवशी कोणीच आलं नव्हतं. समन्सचा धसका.

अन्साबाई कठड्यात उभी राहिली. शपथ घेतली. बापूसाहेब तिच्याशी फार गोड बोलत होते.

“त्या दिवशी दिवेलागणीला तुमचा मुलगा कुठं होता, आई?”

तिनं पदर सारखा केला.

“घाबरू नका. तुम्हाला ताप होता ना त्या दिवशी?”

“होता, बाप्पा.”

“आणि मुलगा तुमच्या उशाशी होता. असंच ना?”

पीपीसाहेब उठले. आपल्या साक्षीदाराच्या तोंडात उत्तर घालायचं नसतं. जज्जसाहेबांनी हातानं त्यांना थांबवलं आणि स्वतःच म्हणाले, “आजी, तुम्हाला जे आठवतं ते सांगा.”

अन्साबाईनं मुलाकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग भिंतीशी बसलेल्या वच्छलाकडं.

“तिनं साऱ्यायची नावं घेतली, साहेब,” ती म्हणाली. “माहं नाई घेतलं. तिले मालूम नसन. म्याबी आयकलं होतं. मी अंथरुनातून उठली आन् म्याबी दार लावलं.”

“तेव्हा मुलगा कुठं होता? घरात होता का?” जज्जसाहेबांनी विचारलं.

“आत मी एकलीच होती.”

“आई!” आरोपी पिंजऱ्यातून म्हणाला.

“आता मले इचारू नका, साहेब,” ती म्हणाली. पदर तोंडाला लावला आणि कोणी जा म्हणायच्या आत कठड्यातून खाली उतरली. बापूसाहेब खाली बसले. पीपीसाहेबांनी क्रॉस करायचा नाही असं सांगितलं. करायला उरलं काय होतं?

शिक्षा झाली. पुढं नागपूरला हायकोर्टात अपील झालं, शिक्षा थोडी कमी झाली, पण दोषी तो दोषीच राहिला. निकालाच्या दिवशी बाररूममध्ये पीपीसाहेबांना पेढे मिळाले. मला कोणी विचारलं नाही. मी माझा डबा निंबाखाली खाल्ला. त्या दिवशी मात्र त्याचं मला काही वाटलं नाही, असं म्हणेन तर खोटं होईल. वाटलं.

त्याच दिवशी वच्छलाला सोडायला मी एसटी स्टँडवर गेले. मला वाटलं, ती आता तिवशाची गाडी धरेल. तर ती अंजनगावच्या फलाटावर जाऊन उभी.

“अगं, आता तिकडं कशाला जातेस? बदली घे, नवी जागा बघ.”

“घेतो ना, बाई. पन निकाल काय लागला ते गावाले कोन सांगन? ते सारे तं पळून गेले होते. बालवाडी उघडतो, दाराशी उभी राह्यतो, आन् येईन जाईन त्याले सांगतो. मंग जातो तिवशाले.”

तेवढ्यात मला बाकाच्या दुसऱ्या टोकाला अन्साबाई दिसली. एकटीच. मोठ्या मुलानं, त्या सरपंचानं, तिला कोर्टातच सोडून दिलं होतं. तू आमची कोणी नाहीस म्हणाला, असं पट्टेवाल्यानं मला नंतर सांगितलं. जायचं तरी कुठं? त्याच गावाला, त्याच गल्लीत. गाडी एकच. दोघी एका बाकावर बसून त्या गाडीची वाट बघत होत्या आणि मध्ये चार माणसं बसतील एवढी जागा मोकळी होती.

गाडी आली. बाजाराचा दिवस, सगळी त्या बाजूच्या गावांची माणसं. वच्छला आधी चढली. ती जिथं बसली, तिथला माणूस उठून पुढं जाऊन उभा राहिला. मग अन्साबाई चढली. तिनं एकीकडं पाहिलं, तिथल्या बाईनं पिशवी सीटवर ठेवली. दुसरीकडं पाहिलं, तिथं कोणी सरकलं नाही. निकाल गावात पोचायचा होता, पण म्हातारीची साक्ष आधीच पोचली होती. अख्ख्या गाडीत एकच जागा रिकामी होती, वच्छलाच्या शेजारची.

म्हातारी दांडा धरून उभी राहिली. गाडी सुरू झाली, हिसका बसला. वच्छलानं आपली पिशवी मांडीवर घेतली आणि खिडकीकडं सरकली. अन्साबाई बसली. दोघी समोर बघत होत्या. गाडी फलाटाबाहेर जाईपर्यंत त्या एकमेकींशी बोललेल्या मला दिसल्या नाहीत.

मी टांगा करून बडनेऱ्याला गेले आणि अकोल्याची गाडी धरली. नंतर असल्या केसेस पुष्कळ आल्या. दार लावायचा अर्ज करायच्या आधी मी त्या बाईला विचारते, लावायचं का? बहुतेक जणी लावा म्हणतात, आणि मी लावून घेते. त्यांचंही चुकत नाही. पण कोणी उघडं ठेवा म्हणाली, तर तिला मी आधीच सांगून ठेवते. ज्यांना ऐकवायचं असतं ते उठून जातात. तरी ठेव उघडं. व्हरांड्यात कोण बसलंय, ते आपल्याला आतून दिसत नाही.